टॅब, स्पेस आणि ऱ्हस्व-दीर्घ

वाचकहो, तुमच्या घरात एखादा मुलगा, मुलगी, सून किंवा जावई सॉफ्टवेअरमध्ये असणारच. नसला तर पलीकडच्या मराठी घरात नक्की असेल. यंदा फराळाला सगळे जमले की त्यांना सहज एक प्रश्न विचारून बघा : टॅब की स्पेस? चकली हातातच राहील आणि पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रॅम लिहिताना काही ओळी डावीकडच्या समासाला चिकटून असतात, तर काही आत सरकवलेल्या असतात. 'पाऊस असेल तर' ही ओळ समासाला, आणि 'छत्री घे', 'गाडी हळू चालव' या ओळी तिच्याखाली थोड्या आत. कोणती गोष्ट कुणाच्या अखत्यारीत आहे हे त्यावरून डोळ्याला कळतं. ही आतली जागा टॅबची कळ एकदा दाबून सोडायची की स्पेसची कळ चार वेळा, यावर माणसं चाळीस-पन्नास वर्षं भांडत आली आहेत. गंमत अशी की बहुतेक भाषांमध्ये यंत्राला त्याचं काहीच सोयरसुतक नसतं. सगळा प्रोग्रॅम तुम्ही एका ओळीत कोंबलात तरी ते तो बिनतक्रार चालवील. समास, मोकळ्या ओळी, नावं, टिपा हे सगळं असतं ते तुमच्यामाझ्यासाठी, म्हणजे तो मजकूर पुढे वाचणाऱ्या माणसासाठी.

मी विद्यापीठात चाळीस वर्षं संख्यात्मक गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर बागेत टोमॅटो लावून पाहिले, पण ते हरणांनी खाल्ले. तेव्हापासून सकाळच्या चहानंतरचे दोन तास मी एका ओपन सोर्स प्रकल्पाला देतो. ओपन सोर्स म्हणजे ज्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी उघडा असतो असं सॉफ्टवेअर. तो कुणीही वाचावा आणि त्यात दुरुस्ती सुचवावी. दुरुस्ती पाठवली की तिला पॅच म्हणतात, आणि ती आत घ्यायची की नाही हे आमच्यासारखे जुने लोक ठरवतात. सार्वजनिक गणपतीसारखाच प्रकार, फक्त इथे वर्गणी पैशाची नसते, ओळींची असते. आणि जिथे वर्गणी तिथे नियमावली आलीच. असा जवळजवळ प्रत्येक प्रकल्प नव्या माणसाला आधी एक कागद वाचायला देतो : आमच्याकडे लिहायची पद्धत अशी आहे, तुम्हीही तशीच लिहा.

त्या कागदाबद्दल आज लिहायचं आहे. त्याचा आपल्या मंडळाच्या या अंकाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

माझ्या पिढीला असे नियम उपजतच मिळाले होते, कारण यंत्रच ते लादायचं. सत्तरीच्या दशकात मुंबईत आम्ही फोरट्रान शिकलो ते कोडिंग शीटवर. ८० चौकोनांच्या आडव्या ओळी छापलेला तो मोठा कागद असे आणि एका चौकोनात एकच अक्षर, पेन्सिलीने. पहिले ५ रकाने ओळीच्या क्रमांकासाठी. सहाव्यात काही लिहिलं तर ही ओळ मागच्या ओळीचा पुढचा भाग आहे असं समजायचं. प्रत्यक्ष मजकूर सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंत. उरलेले ८ रकाने यंत्र वाचतच नसे. तिथे कार्डांचे अनुक्रमांक टाकायचे, म्हणजे जिन्यात गठ्ठा सांडला तर पुन्हा लावता येतो. सांडायचाच. शून्यावर तिरकी रेघ मारायची, नाहीतर पंच करणारी व्यक्ती ते इंग्रजी 'ओ' समजणार. काही संस्थांत नेमकी उलटी रीत होती, रेघ 'ओ'वर. एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणी गेला की पहिले दोन आठवडे त्याचा एकही प्रोग्रॅम चालत नसे.

हे ८० रकाने आले कुठून? आयबीएमने १९२८ साली काढलेल्या पंचकार्डावरून. कार्ड गेलं, पडदे आले, तेही ८० अक्षरांचेच. पुढे पडदे भिंतीएवढे झाले, तरी एका ओळीत ८० अक्षरांच्या पुढे जाऊ नका हा नियम कितीतरी प्रकल्पांत अजून टिकून आहे. पणजीच्या पाटाच्या मापाने नातसुनेने डायनिंग टेबल करून घ्यावं, तसं हे आहे. पण हसण्याआधी हेही लक्षात घ्या की लांबलचक ओळ वाचताना डोळा पुढच्या ओळीचा आरंभ चुकतो. वर्तमानपत्रं उगाच मजकूर स्तंभांत छापत नाहीत. मूळ कारण मेलं तरी नियमाला कधी कधी नवं कारण सापडतं.

अशा नियमावल्यांत वाचायला सगळ्यात मजेदार आहे ती लिनक्सची. लिनक्स १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलं. आज तुमच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर त्याच्या तळाशी तेच आहे. त्या नियमावलीच्या आरंभीच टोरवाल्ड्स सुचवतात की ग्नू या जुन्या प्रकल्पाचे नियम कागदावर छापून घ्या, न वाचता जाळून टाका, तेवढंच प्रतीकात्मक समाधान! पुढे नियम येतात. एक टॅब म्हणजे ८ अक्षरांची जागा, कमी नाही. कारण काय, तर सलग वीस तास पडद्याकडे बघून डोळे शिणले की लहान फरक दिसेनासा होतो. मग कुणी म्हणेल, ८-८ अक्षरं आत जात राहिलो तर तीन पायऱ्यांतच उजवी कड येते. त्यावर त्यांचं उत्तर असं की तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर तुमचा प्रोग्रॅमच गुंतागुंतीचा झाला आहे, तो आधी सुधारा. समासाचा नियम नकळत विचारालाच शिस्त लावतो, हे मला वर्गात कधी इतक्या थोडक्यात सांगता आलं नाही.

नावांविषयीचा त्यांचा नियम तर अगदी आपल्या घरातला वाटतो. चार ओळींपुरत्या वापरायच्या गोष्टीला लांबलचक नाव देऊ नका, एक-दोन अक्षरांचं पुरे. पण जी गोष्ट साऱ्या प्रोग्रॅमभर वापरली जाणार तिचं नाव पूर्ण आणि अर्थ सांगणारं हवं. आपण वेगळं काय करतो? घरात 'बाळ्या' चालतं. पासपोर्टवर मात्र स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. घरात कुणी पूर्ण नावाने हाक मारली तर काहीतरी बिनसलं आहे हे बाळ्याला लगेच कळतं.

दुरुस्तीबरोबर एक टीपही पाठवावी लागते : काय बदललं आणि का. लिनक्सवाल्यांचा आग्रह असा की ही टीप आज्ञार्थात असावी. 'दुरुस्त केलं' नाही, 'दुरुस्त कर'. जणू तुम्ही त्या प्रोग्रॅमलाच हुकूम सोडता आहात. इंग्रजीत हे सोपं, कारण तिथे एकच आज्ञार्थ. मराठीत आधी ठरवावं लागेल की प्रोग्रॅमला अरेतुरे करायचं की अहोजाहो. यंत्रांची मराठी करणाऱ्यांनी हा प्रश्न सभ्यपणे सोडवला आहे. बटणावर 'जतन करा' असतं, 'जतन कर' नसतं.

आता तुम्ही म्हणाल, प्रोफेसर, ही सगळी टापटीप झाली. टापटिपीने कुणाचं भलं-बुरं होतं का? होतं. २०१४ सालच्या फेब्रुवारीत ॲपलने आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती पाठवली होती, ती आठवत असेल तर बघा. त्याआधीच्या त्यांच्या प्रणालीत एक भोक होतं. तुमचा फोन बँकेच्या संकेतस्थळाशी बोलायला लागला की समोर खरंच बँक आहे ना, याची काही पायऱ्यांत तपासणी होते. प्रत्येक पायरीनंतर एक सूचना असते : गडबड आढळली तर 'फेल' या ठिकाणी उडी मार. एका जागी ही उडीची ओळ चुकून लागोपाठ दोनदा उमटली होती. दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या, त्यामुळे डोळ्याला दोन्ही 'जर'च्या अखत्यारीत वाटत. पण महिरपी कंस घातले नसतील तर 'जर'चा अंमल त्याच्या लगेच नंतरच्या एकाच ओळीवर चालतो. दुसरी ओळ स्वतंत्र झाली. गडबड असो नसो, उडी ठरलेली. खरी तपासणी पुढे होती, तिच्यापर्यंत गाडी पोचतच नसे, आणि तोवर काही चूक आढळलेली नसल्यामुळे उत्तर मिळे : सर्व ठीक. त्याच वायफायवर बसलेला एखादा लबाड बँकेचं सोंग घेऊ शकला असता.

हा मजकूर ॲपलने जाहीर केलेल्या ओपन सोर्स भागातला होता, त्यामुळे जगभरच्या लोकांनी तो उघडून पाहिला. माझ्या वर्गात मी तो त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिला. पहिल्या वाचनात निम्म्या वर्गाला दिसला नाही. एका ओळीपुरतेही महिरपी कंस घालायचेच, असा नियम कित्येक प्रकल्पांनी तेव्हापासून अधिक कडक केला. लिनक्सची नियमावली मात्र अजूनही म्हणते की एका ओळीसाठी कंस घालू नका, उगाच जागा जाते. दोन्ही बाजू शहाण्या माणसांच्या आहेत. पुढे २०१६ साली जीसीसी या कंपायलरमध्ये एक सोय आली. समास एक सांगतो आणि कंस दुसरं, असं दिसलं की तो स्वतःच इशारा देतो. माणसाच्या डोळ्याला जे फसवतं ते यंत्राच्या डोळ्याला दाखवायचं, ही मला फार योग्य वाटणी वाटते.

पायथन या भाषेत तर समास हाच कंस. तिथे ओळ आत सरकवली नाही तर प्रोग्रॅमचा अर्थच बदलतो, किंवा तो चालत नाही. तिची नियमावली २००१ सालची. मुख्य लेखक पायथनचे जनक खीडो फान रोसम. चार स्पेस, ७९ अक्षरं. तिच्या मुळाशी एक साधा अनुभव आहे : प्रोग्रॅम लिहिला जातो त्याहून कितीतरी जास्त वेळा वाचला जातो. आणि गंमत म्हणजे तीच नियमावली सुरुवातीला बजावते की आंधळी एकसूत्रता मूर्खपणाची. नियम पाळून मजकूर वाचायला अवघड होत असेल तर नियम मोडा. आधीपासून चालत आलेल्या प्रकल्पाची रीत वेगळी असेल तर तिथली पाळा. सासरी गेल्यावर आमटीत गूळ घालायचा की नाही हे माहेरच्या वहीत बघायचं नसतं, तेच हे.

तिच्यातला एक नियम मी दर वेळी थांबून वाचतो. इंग्रजी न बोलणाऱ्या देशांतल्या मंडळींना ती विनंती करते की टिपा इंग्रजीतच लिहा. अपवाद एवढाच की तुमची भाषा न येणारा कुणीही हा मजकूर कधीच वाचणार नाही, अशी तुम्हाला १२० टक्के खात्री असेल. वाचकहो, १२० टक्के! मला नियम पटतो. माझ्या प्रकल्पात ब्राझील, पोलंड, जपान आणि जळगाव अशी माणसं आहेत. प्रत्येकाने आपापल्या भाषेत टिपा लिहिल्या तर आम्ही एकमेकांना मुके. पण पटणं वेगळं आणि ते वाचताना पोटात काहीतरी हलणं वेगळं. आपल्यापैकी किती जणांनी परदेशात आल्यावर आपल्या रोजच्या टिपा अशाच इंग्रजीत लिहायला घेतल्या, आणि मग वाणसामानाची यादीसुद्धा तशीच होऊ लागली!

आता जरा वादाकडे. नियम लिहिले की ते पाळले गेले का हे बघणारा हवा. तिथे माणूस बसवला की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रकल्पाला महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून पॅच आला. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडे नव्याने घेतलेल्या एका भागात वर्गसमीकरणाची उत्तरं शाळेतल्या सूत्राने काढली होती. शाळेत ते सूत्र बरोबरच आहे. पण यंत्र ठरावीकच अंक लक्षात ठेवतं. त्या सूत्रात कधी कधी जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्या एकमेकींतून वजा होतात, आणि त्या वजाबाकीत बहुतेक सगळे खरे अंक उडून जातात, उरतो तो गाळ. उपाय जुना आणि सुंदर आहे : ज्या उत्तरात वजाबाकी येत नाही ते आधी काढायचं, आणि दुसरं दोन्ही उत्तरांच्या गुणाकारावरून मिळवायचं. या मुलाने ती खोट हेरली होती, उपायही बरोबर केला होता, सोबत तपासणीचं उदाहरणही जोडलं होतं. मी वर्षानुवर्षं हे पदवीच्या मुलांना शिकवत आलो. स्वतःहून ओळखणारे त्यात फार थोडे भेटले.

मी तेव्हा भारतात होतो. परतून पाहिलं तर त्या पॅचवर पहिल्या तपासनिसाचे सात शेरे : ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली आहे, अवतरणचिन्ह एकेरी हवं होतं, ओळ ८३ अक्षरांची झाली, दोन मोकळ्या ओळींच्या जागी एकच आहे. गणिताबद्दल चकार शब्द नाही. पोराने रात्री बसून सगळं सुधारलं. मग दुसरा तपासनीस आला आणि त्याने पहिल्याच्या उलट सांगितलं. पोराने तेही केलं. मग नावांबद्दल तिसरा फेरा. त्यानंतर तिकडून काही आलं नाही. त्याची दुरुस्ती मी त्याच्याच नावाने आत घेतली. त्या ओळीसमोर आज त्याचं नाव आहे, तो मात्र परत आलेला नाही. मी दोनदा पत्र लिहिलं.

शेरे मारणारी माणसं दुष्ट नव्हती, हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे. समासातली चूक दाखवणं सोपं असतं, दोन मिनिटांचं काम. वजाबाकीत अंक कसे उडतात हे समजून घ्यायला अर्धा तास कागद-पेन्सिल लागते. दमलेला माणूस जे सोपं दिसतं तेच तपासतो, आणि तपासल्याचं समाधानही त्याला पुरेपूर मिळतं.

त्यानंतर आम्ही वर्ग बंद करून यंत्राला मॉनिटर केलं. ही कल्पना आमची नाही. २००९ साली जाहीर झालेल्या गो या भाषेबरोबर एक छोटा प्रोग्रॅम येतो. तुम्ही कसंही लिहा, तो ते ठरलेल्या साच्यात बसवून देतो. तो साचा मनापासून आवडणारा कुणी नाही आणि तो प्रोग्रॅम नको म्हणणाराही कुणी नाही, अशी त्याची ख्याती. पायथनसाठी २०१८ मध्ये लुकाश लांगा यांनी 'ब्लॅक' नावाचं तसंच अवजार काढलं. नावामागे फोर्डच्या जुन्या गाडीचा विनोद आहे : रंग कोणताही घ्या, फक्त तो काळा असला पाहिजे. आम्ही ब्लॅक घेतलं. पॅच आला की माणसाने पाहण्याआधीच समास, अवतरणं, ओळींची लांबी सगळं सारखं होतं. त्यावर बोलायला काही उरतच नाही. मग नाइलाजाने लोक गणितावर बोलतात.

हे फुकट मिळालं असं समजू नका. एका दिवसात हजारो ओळी बदलल्या, आणि कोणती ओळ कुणी लिहिली याची नोंद विसकटली. प्रत्येक ओळीवर साच्यात बसवणाऱ्याचं नाव लागलं. गिट या नोंदवहीत ओळीचा कर्ता शोधायच्या आज्ञेचं नावच 'ब्लेम' आहे, म्हणजे दोष द्यायला माणूस शोधणं. इथे मात्र श्रेय द्यायला माणूस सापडेना. २०१९ पासून अशी निव्वळ आवराआवरीची नोंद वगळून पुढे बघायची सोय त्यात झाली आहे. त्या पोराचं नाव त्यामुळेच वाचलं. दुसरी तक्रार माझी खासगी. मी मॅट्रिक्स लिहितो तेव्हा आकडे एकाखाली एक लावतो. उणे चिन्हाला जागा सोडतो, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे रकाने जुळवतो. ब्लॅक ते सगळं एका झटक्यात गोळा करून टाकतं. मॅट्रिक्सची रचना डोळ्याला दिसणं हा सजावटीचा भाग नाही, त्यातली चूक तशीच सापडते. सुदैवाने 'इथून इथपर्यंत हात लावू नकोस' असं लिहायची सोय आहे. ती मी भरपूर वापरतो, आणि तरुण सहकारी मला तेवढी सूट देतात.

आता आपल्याकडे येऊ. तुमच्या आजोबांची जुनी पत्रं कपाटात असतील तर काढून पाहा. 'नांव', 'कांहीं', 'घरांत', 'मीं' असे अनुस्वार त्यांत अक्षता टाकल्यासारखे पडलेले दिसतील. ते अशुद्ध नव्हतं, तेव्हाची नियमावली तीच होती. त्यातले बरेच अनुस्वार उच्चारातून केव्हाच गेले होते, कागदावर मात्र ८० रकान्यांसारखे उरले होते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले, १९७२ मध्ये आणखी ४, आणि हे अनुस्वार गेले. माझी पिढी या बदलाच्या बरोबर मधे शाळेत होती. एका गुरुजींनी ज्या अनुस्वारासाठी मार्क कापले, तोच दिला म्हणून दुसऱ्या गुरुजींनी कापले. तेव्हापासून नियम हा ठराव असतो, वेद नसतो, एवढं मला पक्कं समजलं आहे. हा लेख मी 'केलं-गेलं' असा लिहितो आहे. तुमच्यातले कडक परीक्षक मनातल्या मनात 'केले-गेले' करत असतील, त्यांना माझा नमस्कार.

म्हणून नियम नकोतच का? दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. डॉक्टरांच्या चिठ्ठीत तरी हा घोळ नको. अर्थ बदलणाऱ्या चुका ॲपलच्या त्या दुसऱ्या ओळीसारख्या असतात, त्या पकडायलाच हव्यात. पण 'आणि'ची णि दीर्घ काढली म्हणून अर्थाला खरचटतही नाही. ती ओळीच्या शेवटची मोकळी जागा. ती यंत्राने पुसावी, नाहीतर संपादकाने गुपचूप.

हे आज का सांगतो आहे? आपला अंक दोन भाषांचा आहे. मागचे काही अंक घेऊन बसा आणि लेखकांची वयं अदमासाने लावा. मराठी भागात पन्नाशीच्या पुढचे, इंग्रजी भागात पस्तिशीच्या आतले. मराठी पानं दर वर्षी थोडी पातळ होतात. इथेच वाढलेल्या एका मुलीने, आता ती तिशीत आहे, दुसऱ्या एका गावच्या मराठी अंकासाठी आजोबांना बर्फात गाडी चालवायला शिकवल्याची गोष्ट मराठीत लिहिली होती. मी ती वाचली आहे. आजोबा ब्रेकवर पाय ठेवून हॉर्न वाजवत राहतात तिथे मी मोठ्याने हसलो. लेख लाल शाईने भरून परत आला. 'मी बोलली'चं 'मी म्हणाले', ऱ्हस्वांचं दीर्घ, दीर्घांचं ऱ्हस्व. गोष्ट कशी आहे याबद्दल एक अक्षर नाही. त्यानंतर ती मराठीत लिहीत नाही. ती स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला म्हणाली, "काका, ऑफिसमध्ये हे सगळं मशीन करतं, कोणी बघायच्या आधीच. मग माणूस फक्त कामाचं बोलतो."

मंडळाच्या समितीला मी विचारलं की आपल्या अंकासाठी तसा एक पानाचा कागद करू या का. ते म्हणाले, करा. तो कागद आता तयार आहे. त्यात पहिलं असं की लेख युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर आमच्या यंत्रावर उघडला की नुसती इंग्रजी खिचडी दिसते. कीबोर्ड कोणता वापरायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. दुसरं, 'ऱ्य' कसा उमटवायचा. 'दऱ्या'मधला तो अर्धा र दोन रीतींनी काढता येतो. एका रीतीत त्यासाठी वेगळं, नुक्त्याचं अक्षर आहे; दुसऱ्या रीतीत साध्या र-ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या पोटात मात्र वेगळे, त्यामुळे शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. टॅब-स्पेसची मराठी आवृत्तीच ही. तुम्ही कसाही काढा, आम्ही एका छोट्या प्रोग्रॅमने सगळे एकसारखे करून घेतो. तिसरं, ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करू नका. ते आमच्याकडची दोन माणसं करतील आणि त्याची लाल शाई तुमच्यापर्यंत पोचणार नाही. अर्थ बदलत असेल तरच विचारू. चौथं, लेखाबद्दल लेखकाला येणारं पहिलं पत्र मजकुराविषयी असेल. हा नियम संपादकांसाठी आहे, आणि चारांतला तोच पाळायला सगळ्यात अवघड जाईल असा माझा अंदाज आहे.

आणि 'मी बोलली'? ते तसंच छापायचं असं माझं मत मी दिलं आहे. ते लिहिणाऱ्याच्या घरातलं मराठी आहे. बर्फातल्या त्या गोष्टीत 'म्हणाले' घातलं तर ते कुणाच्याच तोंडचं राहणार नाही. हात लावू नकोस असं सांगायची सोय मॅट्रिक्सला आहे, तर माणसाला का नको? यावर समितीत दोन तट आहेत. एका ज्येष्ठ वहिनींचं म्हणणं असं की छापलेलं वाचूनच पुढची मुलं शिकतात, आज सोडलं तर उद्या तेच प्रमाण होईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि अनुस्वारांचं नेमकं तसंच झालं हे मी त्यांना मुद्दाम सांगितलेलं नाही. तीन बैठका झाल्या आहेत. चौथी दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्या घरी आहे. कागद तोवर कच्चाच राहील, चहा-चिवडा असेल, आणि पस्तिशीच्या आतलं कुणी आलं तर त्यांच्यासाठी एक खुर्ची जास्त मांडली आहे.